हायरम पर्सी मॅक्सिम व हौशी बिनतारीचा परवाना

थोर पित्याच्या पोटीं जन्मास येणें हें मोठें भाग्य होय, असें सर्वसाधारणपणें समजतात. परंतु वटवृक्षाखालीं दुसरें झाड सहसा वाढत नाहीं, हेंहि आपण नित्य पाहतों. ज्यांचें चरित्र आज आम्ही वाचकांस सादर करीत आहों, ते हायरम पर्सी मॅक्सिम अशाच एका वटवृक्षाच्या छायेंत जन्मले. त्यांचे वडील हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम यांनीं मिनिटास सुमारें सहाशें गोळ्या झाडणारी यंत्रबंदूक शोधून काढली व तिच्या जोरावर युरोपीय राष्ट्रांनीं आफ्रिकेंतील देशच्या देश पादाक्रांत केले. काका हडसन मॅक्सिम यांनीं बिनधुराची दारू व स्फोटक द्रव्यें यांत नांव मिळविलें. पुत्रानें पुढें बंदुकीचा आवाज दाबणारी नळी तयार केली. तेव्हां बापानें गोंगाट उत्पन्न केला आणि मुलानें तो थांबविला, असें विनोदानें म्हणतां येईल. परंतु आम्हांस येथें सांगावयाचें आहे तें याहून निराळें आहे. सामान्य घरांतील मुलांस व कारागिरांस आपल्या माडीवरून बिनतारी यंत्रानें देशोदेशींच्या लोकांशीं बोलण्याचा जो कायदेशीर परवाना मिळूं शकतो, तो टिकून राहावा म्हणून या गृहस्थानें आपल्या आयुष्याचीं अखेरचीं बावीस वर्षें वेंचलीं.

पर्सी यांचा जन्म २ सप्टेंबर १८६९ रोजीं न्यूयॉर्कजवळील ब्रुकलिन येथें झाला. वडील बुद्धीनें अलौकिक, पण संसारांत लक्ष नसलेले. पर्सी बारा वर्षांचे असतांना, १८८१ सालीं, वडील युरोपांत गेले; तेथेंच त्यांचें बस्तान बसलें, पुढें ते ब्रिटिश प्रजाजन झाले व १९०१ मध्यें त्यांस 'सर' ही पदवीहि मिळाली. आई जेन व तीन मुलें मात्र अमेरिकेंतच राहिलीं. ज्या पित्यानें पाठ फिरविली, त्याच्याविषयीं मुलाच्या मनांत कडवटपणा राहिला असता तर त्यांत नवल नव्हतें. परंतु पर्सी यांनीं उतारवयांत वडिलांच्या आठवणींचें जें पुस्तक लिहिलें, तें हास्यरसानें व ममतेनें भरलेलें आहे. आमच्या मतें त्यांच्या स्वभावाची खरी ओळख याच एका गोष्टींत पटते.

विद्येंत ते लवकर पुढें आले. मॅसॅच्युसेट्स येथील प्रसिद्ध तांत्रिक विद्यालयांतून १८८६ सालीं, वयाचीं सतरा वर्षें पुरीं होण्याच्या आंतच, ते बाहेर पडले. पुढें लिन या गांवीं तोफगोळ्यांच्या एका कारखान्यांत नोकरी करीत असतांना, १८९२ च्या सुमारास, एका रात्रीं सायकलीवरून सेलमहून परत येतांना त्यांच्या मनांत आलें कीं, पायांनीं पायटे मारण्याऐवजीं एखादें लहानसें एंजिनच हें काम कां करणार नाहीं? झालें! रिकाम्या काडतुसांत पेट्रोलचे थेंब टाकून व काडी लावून त्यांनीं त्या द्रवाची शक्ति पाहिली आणि नोकरी संभाळून एक एंजिन बनविलें. दूरदेशीं इतर माणसें याच खटपटींत आहेत, याचा त्यांस तेव्हां पत्ताहि नव्हता. १८९५ सालीं हार्टफर्ड शहरांतील पोप कंपनीनें त्यांस आपल्या मोटारगाड्यांच्या खात्यावर नेमलें, आणि हार्टफर्ड हेंच त्यांचें कायमचें गांव झालें. मोटारींचा हा भाग मोठा मनोरंजक आहे, पण तो विस्तारानें सांगूं लागल्यास आमचा मुख्य विषय बाजूसच राहील.

बंदुकीच्या नळीस लावावयाच्या आवाजशामकाचें पेटंट त्यांस १९०९ सालीं मिळालें. न्हाणीघरांतील टबांतून पाणी वाहून जातांना जो भोंवरा पडतो, त्यावरून त्यांस ही युक्ति सुचली. नळींतून सुटणारा वायु असाच भोंवऱ्यांत फिरवून हळूहळू सोडला, तर आवाज होणार नाहीं, हें तिचें मर्म. माणसांस ठार मारण्याचीं साधनें अधिक सोयीचीं करण्याच्या या घराण्याच्या धंद्याची स्तुति आमच्यानें करवत नाहीं. पण पुढें याच तत्त्वावर त्यांच्या कारखान्यानें एंजिनांचा व यंत्रांचा कर्कश आवाज कमी करण्याचीं साधनें केलीं व त्यांनीं कित्येक वस्त्यांस शांत झोंप मिळवून दिली, हेंहि सांगितलें पाहिजे.

आतां बिनतारीकडे वळूं. पर्सी यांचा मुलगा हॅमिल्टन याचा जन्म १९०० सालचा. दहा-बारा वर्षांच्या वयांत त्याला बिनतारी यंत्राचा नाद लागला आणि मुलाचें कौतुक पाहतां पाहतां चाळिशी उलटलेला बापच त्यांत रंगून गेला! त्या काळचें यंत्र म्हणजे मोठा रोहित्र, कांचेचीं विद्युत्संग्राहक भांडीं आणि दोन धातूंच्या टोंकांमध्यें कडकड करून उडणारी ठिणगी. कळ थोडा वेळ दाबली कीं बिंदु, अधिक वेळ दाबली कीं रेघ. अशा बिंदुरेघांच्या मोर्स लिपींत सारें संभाषण चाले. मॅक्सिम यांच्या ठिणगीयंत्राचें नांव 'ओल्ड बेट्सी', म्हणजे म्हातारी बेट्सी. तें आजहि जपून ठेवलेलें आहे.

प्रारंभीं या छंदाला कायदा असा नव्हताच. ज्याच्या मनास येईल त्यानें छपरावर तार ताणावी, वाटेल तें नांव धारण करावें आणि वाटेल त्या लहरीवर कडकडाट करावा. मॅक्सिम यांनींहि प्रथम अशींच मनानें घेतलेलीं अक्षरें लाविलीं होतीं. या बेबंदशाहीचा त्रास जहाजांस व आरमारी ठाण्यांस होऊं लागला. कोणी खोडकर मुलें अधिकाऱ्याच्या नांवानें खोटे हुकूमहि धाडीत, अशा तक्रारी होत्या. एप्रिल १९१२ मध्यें टायटॅनिक हें प्रचंड जहाज बुडालें, तेव्हां समुद्रावर बिनतारीचें महत्त्व किती व तींत शिस्त नसणें किती घातक, हें सर्वांच्या लक्षांत आलें. त्याच वर्षीं १३ ऑगस्ट रोजीं अमेरिकेंत बिनतारीचा कायदा मंजूर झाला.

या कायद्यानें परवान्यावांचून संदेश पाठविणें हा गुन्हा ठरला. त्याबद्दल पांचशें डॉलरपर्यंत दंड व यंत्राची जप्ती अशी शिक्षा होती. संकटाची खोटी हांक मारणारास तर अडीच हजार डॉलर दंड किंवा पांच वर्षांपर्यंत तुरुंगवास अथवा दोन्हीहि होऊं शकत. परवाने दोन प्रकारचे लागत, एक यंत्रठाण्याचा व दुसरा तें चालविणाऱ्या माणसाचा. हौशी माणसानें सरकारी तपासनिसापुढें बसून परीक्षा द्यावयाची. मिनिटाला निदान पांच शब्द या वेगानें मोर्स लिपि पाठवितां व घेतां आली पाहिजे. यंत्र नीट जुळवितां व दुरुस्त करितां आलें पाहिजे. कायद्याचीं व आंतरराष्ट्रीय कराराचीं कलमें ठाऊक असलीं पाहिजेत. आणि दुसऱ्याचा ऐकलेला संदेश गुप्त ठेवण्याची शपथ घेतली पाहिजे. जो फार दूर राहतो व तपासनिसापुढें येऊं शकत नाहीं, त्यानें टपालानें अर्ज करून आपली पात्रता लेखी सांगावी, म्हणजे त्यास दुय्यम प्रतीचा परवाना मिळे. नुसतें ऐकण्यास परवाना नको होता. देशाचे नऊ विभाग पाडले होते व विभागाचा अंक प्रत्येकाच्या सांकेतिक नांवाच्या आरंभीं येई. हार्टफर्ड पहिल्या विभागांत. मॅक्सिम यांस निरनिराळ्या वेळीं निरनिराळीं अक्षरें मिळालीं, त्यांपैकीं अखेरचें '१ ए. डब्ल्यू.' हें जगप्रसिद्ध झालें.

येथपर्यंत सारें न्याय्यच होतें. पण कायद्यांत एक खोंच होती. खासगी माणसानें दोनशें मीटरहून अधिक लांबीची लहर वापरूं नये व एक किलोवॅटहून अधिक शक्ति घेऊं नये, असें बंधन घातलें होतें. त्या काळीं लांब लहरीच दूर जातात, आंखूड लहरी निरुपयोगी, असा जाणत्यांचाहि समज होता. तेव्हां हौशी लोकांना ओसाड माळ दिला म्हणजे ते आपोआप उपाशी मरतील, असाच या कलमाचा अर्थ अनेकांनीं लावला. आपल्याकडे गांवची उत्तम जमीन वाटून झाल्यावर गरिबाला खडकाळ तुकडा द्यावा, तसा हा प्रकार झाला. त्या खडकाखालीं सोन्याची खाण आहे, हें तेव्हां देणारालाहि ठाऊक नव्हतें आणि घेणारालाहि!

एप्रिल १९१४ मधील एक लहानशी गोष्ट पुढें फार मोठी ठरली. मॅक्सिम यांस एक निर्वात नळी विकत घ्यावयाची होती. ती सुमारें तीस मैलांवरील स्प्रिंगफील्ड येथील एका हौशी गृहस्थापाशीं मिळण्यासारखी होती. त्यांनीं त्यास हांक मारली, पण एक किलोवॅटचें यंत्र असूनहि आवाज तेथवर पोंचेना. तेव्हां त्यांस आठवण झाली कीं, वाटेवरील विंडसर लॉक्स या गांवीं आपला एक ओळखीचा हौशी आहे. त्याला त्यांनीं निरोप सांगितला, त्यानें तो पुढें स्प्रिंगफील्डला दिला आणि काम झालें. एरवीं कोणी हें विसरूनहि गेला असता. पण मॅक्सिम यांच्या मनांत विचार आला कीं, जर एका गांवानें निरोप घेऊन दुसऱ्या गांवास द्यावा, त्यानें तिसऱ्यास, तर दोनशें मीटरांच्या या दुबळ्या लहरीवरूनहि सारा देश कां ओलांडतां येणार नाहीं? पूर्वीं डाकेचे घोडे टप्प्याटप्प्यानें बदलीत, तशीच ही आकाशांतील डाक.

त्याच महिन्यांत हार्टफर्डच्या बिनतारी मंडळाच्या सभेंत त्यांनीं ही कल्पना मांडली. मंडळानें ती उचलून धरिली व 'अमेरिकन रेडिओ रिले लीग' ही संस्था १९१४ च्या मे महिन्यांत उभी राहिली. अध्यक्ष मॅक्सिम, वय चव्वेचाळीस. चिटणीस क्लॅरेन्स टुस्का, ज्याला अठरावें वर्षहि पुरें झालें नव्हतें! पण ही जोडी विजोड ठरली नाहीं. एकाजवळ अनुभव, पैसा व सरकारदरबारीं वजन. दुसऱ्याजवळ उत्साह व यंत्रें बनविण्याचें कसब. गांवोगांवच्या हौशी लोकांस पत्रें व अर्जाचे छापील नमुने गेले आणि ऑक्टोबरांत दोनशेंहून अधिक ठाण्यांची यादी छापून निघाली.

येथें मॅक्सिम यांचें शहाणपण दिसून येतें. कायदा जाचक आहे म्हणून तो मोडावा, असा सल्ला त्यांनीं कोणास दिला नाहीं. ते स्वतः वॉशिंग्टनला गेले, आपल्या संस्थेची योजना व याद्या त्यांनीं व्यापारखात्यापुढें ठेवल्या, आणि एकाकी ठिकाणच्या निवडक निरोप्या-ठाण्यांस चारशें पंचवीस मीटरची लहर वापरण्याचा खास परवाना मिळविला. परवानेवाला मनुष्य परवान्याच्या अटी पाळतो असें एकदां अधिकाऱ्यांच्या प्रत्ययास आलें, म्हणजे पुढची सवलत मागण्यास तोंड राहतें, हें त्यांचें धोरण अखेरपर्यंत कायम राहिलें. डिसेंबर १९१५ मध्यें त्यांनीं व टुस्का यांनीं पदरच्या पैशानें 'क्यू. एस. टी.' नांवाचें मासिक काढलें. महायुद्धांतील खंड वगळतां तें आजतागायत चालू आहे. ६ फेब्रुवारी १९१७ रोजीं न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला संदेश जाऊन त्याचें उत्तर एक तास वीस मिनिटांत परत आलें. मध्यें अर्थातच टप्प्याटप्प्यावर हौशी लोक बसलेले होते व त्यांपैकीं कोणासहि या कामाचा एक छदामहि मिळत नव्हता. परवान्याची मूळ अटच ती!

या मासिकांत 'म्हातारा' अशी सही करून एक तिरसट लेखक लिहूं लागला. लहर शुद्ध न ठेवणारे, दुसऱ्याच्या बोलण्यांत आपली ठिणगी घुसविणारे, अर्ध्या रात्रीं निरर्थक बडबड करणारे, या सर्वांवर तो तुटून पडे व अशांना शासन करण्याच्या विचित्र हत्यारांचीं नांवें घेई. त्यांपैकीं 'वूफ-हॉंग' नांवाचें एक लांकडी हत्यार १९१९ सालीं संस्थेच्या कचेरींत खरोखरच येऊन दाखल झालें! वाचक खो खो हंसत, पण आपापलीं यंत्रें गुपचूप दुरुस्तहि करीत. हा म्हातारा कोण, हें गूढ कैक वर्षें राहिलें. अध्यक्षमहाराज स्वतःच तो म्हातारा होते, हें सर्वांस कळलें तें त्यांच्या मृत्यूनंतर. ज्या गोष्टी अध्यक्षाच्या खुर्चीवरून सांगितल्या असत्या तर उपदेश वाटल्या असत्या, त्या त्यांनीं म्हाताऱ्याच्या तोंडून वदविल्या. आम्हां शिक्षकवर्गास ही युक्ति विचार करण्याजोगी वाटते.

एप्रिल १९१७ मध्यें अमेरिका महायुद्धांत उतरली आणि राष्ट्राध्यक्षांच्या हुकुमानें सर्व खासगी ठाणीं बंद झालीं. संदेश पाठविणें तर राहोच, ऐकण्यासहि बंदी झाली. छपरावरच्या तारा खालीं आल्या. त्या वेळीं देशांत सुमारें सहा हजार परवानेवाले हौशी होते. सैन्यास व आरमारास मोर्स लिपि जाणणारीं माणसें तातडीनें हवीं होतीं आणि तीं तयार करण्यास महिनेच्या महिने लागले असते. मॅक्सिम यांनीं संस्थेच्या याद्या पुढें ठेवल्या. शेंकडों तरुण लगेच भरती झाले व पुढें त्यांची संख्या हजारांवर गेली. आपल्या देशांतहि १९३९ सालीं दुसरें महायुद्ध पेटतांच हौशी लोकांस आपलीं यंत्रें पोलिसांच्या स्वाधीन करण्याचे हुकूम सुटले होते. तेव्हां संकट आलें कीं हा परवाना पहिल्या झपाट्यास जातो, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

युद्ध थांबलें तेव्हां खरी कसोटी आली. १९१८ च्या अखेरीस अमेरिकेच्या लोकसभेपुढें एक बिल आलें. सर्व बिनतारी आरमाराच्या ताब्यांत कायमची द्यावी, असा त्याचा रोंख होता. तें मंजूर झालें असतें, तर हौशी परवाना हा शब्दच इतिहासजमा झाला असता. या वेळीं संस्थेची स्थिति काय होती? मासिक बंद, सभासद पांगलेले, टुस्का सैन्यांत, आणि १९१९ च्या वसंतांत खजिन्यांत अवघे तेहतीस डॉलर! तरीहि मॅक्सिम समितीपुढें साक्ष देण्यास उभे राहिले. ज्या तरुणांनीं युद्धांत बिनतारीचें काम केलें ते कोठें शिकले, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. ते आपल्या माडीवर, आपल्या पैशानें, परवान्याच्या शिस्तींत शिकले होते. दुसरीकडे देशभरच्या हौशी लोकांनीं, त्यांच्या आईबापांनीं, आपापल्या प्रतिनिधींस पत्रें पाठविलीं. बिल बारगळलें.

तरी बंदी उठण्यास वेळ लागलाच. एप्रिल १९१९ मध्यें ऐकण्याची मोकळीक मिळाली. पण संदेश पाठविण्याची परवानगी मिळेना. महिन्यामागून महिने गेले, अर्ज-विनंत्या झाल्या, आणि शेवटीं १ ऑक्टोबर १९१९ पासून ती बंदी उठली. जुने परवाने मात्र रद्द झालेले. सर्वांनीं नव्यानें परीक्षा द्यावयाची, नव्यानें अर्ज करावयाचे. परीक्षेंतील मोर्सचा वेगहि आतां मिनिटास दहा शब्द झाला. दरम्यान सभासदांकडून कर्ज उभारून संस्थेनें टुस्काकडून मासिक विकत घेतलें. रणांगणावरून परतलेले ते जुने परवानेवाले नवीन निर्वात नळ्यांचें ज्ञान बरोबर घेऊन आले होते, आणि बेट्सीसारख्या ठिणगीयंत्रांचे दिवस भरत आले होते.

आतां त्या खडकाळ तुकड्याकडे पुन्हां पाहूं. डिसेंबर १९२१ मध्यें संस्थेनें पॉल गॉडली या तज्ज्ञास आपल्या खर्चानें स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील आर्ड्रॉसन येथें पाठविलें. थंडीपावसांत, समुद्रकांठच्या एका शेतांत, तंबूमध्यें कान लावून बसलेल्या या गृहस्थास दोनशें मीटरांच्या आसपासच्या लहरींवर अमेरिकेंतील दोन डझनांहून अधिक हौशी ठाणीं ऐकूं आलीं! अटलांटिक महासागर ओलांडण्यास प्रचंड खांब व शेंकडों किलोवॅट शक्ति पाहिजे, असा ज्या काळीं समज होता, त्या काळांतील ही गोष्ट. मग कोणी विचार केला, लहर आणखी आंखूड केली तर? हार्टफर्डच्या फ्रेड श्नेल यांनीं शंभर मीटरच्या लहरीसाठीं अधिकाऱ्यांकडून खास परवानगी घेतली आणि नोव्हेंबर १९२३ च्या अखेरीस फ्रान्समधील नीस येथील लेऑं डेलॉय यांच्याशीं त्यांचें दुतर्फा संभाषण झालें. दोन खंडांतील हौशी माणसें समोरासमोर बसल्यागत बोललीं, तीं प्रथमच. आंखूड लहरी वर जाऊन वातावरणाच्या उंच विद्युन्मय थरावरून परततात व म्हणून दूरवर जातात, हें शास्त्र पुढें नीट उलगडलें. पण उपाशी मारण्यासाठीं ज्यांना माळ दिला त्यांनींच तो नांगरून दाखविला, ही गोष्ट त्यापूर्वींच घडून गेली होती.

या प्रसंगांतून निघणारा एक धागा आपल्या देशापर्यंत येतो, तो सांगितल्यावांचून राहवत नाहीं. १८ ऑक्टोबर १९२४ रोजीं न्यूझीलंडमधील फ्रॅंक बेल या मेंढपाळ शेतकऱ्यानें इंग्लंडशीं पहिलें दुतर्फा संभाषण केलें. पृथ्वीच्या पाठीवर याहून फारसें दूर जातां येत नाहीं. इंग्लंडकडून बोलणारा कोण होता? लंडनजवळील मिल हिल शाळेचा विद्यार्थी सेसिल गॉयडर, आणि ठाणें होतें शाळेचेंच! हाच गॉयडर १९३६ सालीं ऑल इंडिया रेडिओचा मुख्य इंजिनिअर होऊन हिंदुस्थानांत आला, आणि दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथें आंखूड लहरींचीं ध्वनिक्षेपणयंत्रें त्याच्या देखरेखीखालीं बसलीं. आपल्या आजोबा-पणजोबांनीं ज्या लहरींवरून बातम्या ऐकल्या, त्यांच्यामागें शाळेंतील एका हौशी मुलाचा हात होता, हें आमच्या किती वाचकांस ठाऊक असेल बरें?

देशोदेशीं परवाने निघूं लागले, तशी त्यांस एकत्र बांधण्याची गरज भासूं लागली. मॅक्सिम १९२४ सालीं पॅरिसला जाऊन आले व पुढील वर्षीं एप्रिल महिन्यांत तेथेंच भरलेल्या परिषदेंत आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघाची स्थापना होऊन तेच पहिले अध्यक्ष झाले. या संघाची खरी गरज दोनच वर्षांत दिसून आली. १९२७ सालीं वॉशिंग्टन येथें सर्व राष्ट्रांची बिनतारी परिषद भरली, तेव्हां आंखूड लहरींचें मोल सर्वांनाच कळून चुकलें होतें, आणि व्यापारी कंपन्या व सरकारें त्यांवर टपून बसलीं होतीं. कित्येक राष्ट्रांचे प्रतिनिधि हौशी लोकांस जवळजवळ कांहींच देऊं नये, या मताचे होते. मॅक्सिम व त्यांचे चिटणीस केनेथ वॉर्नर यांनीं आठवडेच्या आठवडे भेटीगाठी घेऊन जें पदरांत पाडतां आलें तें पाडून घेतलें. पूर्वींच्या मानानें जागा अरुंद झाली, याबद्दल घरचे लोक रागावलेहि. पण आंतरराष्ट्रीय करारांत हौशी बिनतारीचें नांव प्रथमच नोंदलें गेलें, आणि ज्या परवान्याचा आधार आजवर एका देशाच्या मर्जीवर होता त्याला जगाच्या कायद्यांत स्थान मिळालें. आमच्या मतें मॅक्सिम यांचें हें सर्वांत मोठें काम, जरी त्यांत समुद्र ओलांडण्याइतकी मौज नसली तरी. याच परिषदेनंतर १९२८ पासून अमेरिकन नांवांच्या आरंभीं देशाचें अक्षर आलें आणि मॅक्सिम यांचें ठाणें 'डब्ल्यू १ ए. डब्ल्यू.' झालें. आपल्या देशांतील हौशी ठाण्यांचीं नांवें 'व्ही यू' या अक्षरांनीं सुरू होतात, तीहि अशाच आंतरराष्ट्रीय वांटणीची खूण होय.

एवढा व्याप असतांनाहि त्यांचें मन एका छंदांत मावत नसे. घरगुती चलच्चित्रें काढणाऱ्या हौशी लोकांची संस्था त्यांनीं १९२६ मध्यें स्थापिली. आकाशांतील इतर गोलांवर जीवसृष्टि असेल काय, या विषयावर १९३३ सालीं पुस्तक लिहिलें. बिनतारीच्या लीगचें अध्यक्षपद त्यांनीं १९१४ पासून मरेपर्यंत एकदांहि सोडलें नाहीं. एका माणसानें इतकीं वर्षें एक खुर्ची अडवून धरावी, हें आम्हांस तत्त्वतः रुचत नाहीं. संस्था माणसाच्या नांवावर उभी राहते आणि तो गेला कीं डळमळते, अशीं उदाहरणें आपल्याकडे हवीं तितकीं आहेत. या संस्थेच्या बाबतींत तसें झालें नाहीं खरें. मॅक्सिम यांनीं कारभार वॉर्नर यांच्यासारख्या पगारी चिटणीसाकडे व निवडून आलेल्या संचालकांकडे फार पूर्वींच सोंपवून दिला होता, हें त्याचें कारण असावें.

फेब्रुवारी १९३६ मध्यें कॅलिफोर्नियाकडे आगगाडीनें जात असतांना त्यांस घशाचा विकार जडला. कोलोरॅडोमधील ला हंटा या गांवीं त्यांस उतरवून घेऊन इस्पितळांत ठेविलें, आणि १७ फेब्रुवारी रोजीं त्यांचें तेथेंच देहावसान झालें. वय सहासष्ट वर्षांचें होतें. मेरिलंडमधील हेगर्सटाउन येथें, पत्नीच्या माहेरगांवीं, त्यांस मूठमाती देण्यांत आली.

त्यानंतर महिन्याभरांतच कनेक्टिकट नदीस मोठा पूर आला व हार्टफर्डच्या विमानतळाजवळचें लीगचें ठाणें पाण्याखालीं गेलें. यंत्रें निकामी झालीं. परवानेवाला मरण पावला म्हणजे त्याचा परवाना संपतो आणि त्याचीं अक्षरें पुढें दुसऱ्या कोणासहि मिळूं शकतात, असा साधारण क्रम आहे. लीगनें अर्ज केला कीं, आमच्या अध्यक्षांचें नांव आमच्या ठाण्याला द्यावें. आणि सरकारी आयोगानें तो मान्य केला. १९३८ सालीं हार्टफर्डजवळ न्यूइंग्टन येथें नवी इमारत उभी राहून तींत 'डब्ल्यू १ ए. डब्ल्यू.' हें स्मारक ठाणें सुरू झालें. अमेरिकेंत २००७ पासून परवान्याच्या परीक्षेंत मोर्स लिपीची सक्ति उरलेली नाहीं. तरी या ठाण्यावरून, शिकूं इच्छिणाऱ्यांसाठीं, मोर्सचे पाठ आजहि ठरलेल्या वेळीं प्रक्षेपित होत असतात. प्रथम अगदीं सावकाश, मिनिटाला पांच शब्द. मग हळूहळू वेग वाढवीत.